हलीमाखालाची पहिली काकडी

खारबावला जायचं ठरलं ते काकडीपायी. आईला मामीच्या बांधावरची काकडी हवी होती आणि मला, पदवी घेऊन घरी बसलेल्या बावीस वर्षांच्या ऐतखाऊला, बाहेर पडायला निमित्त. सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. भिवंडीत कॉलऱ्याची साथ होती. ती साथ देशोदेशी फिरत आली होती, हे मी फार नंतर वाचलं. "अरे, साथ शहरात आहे, मामीच्या शेतात नाही," असं म्हणून आईने पिशवी हातात दिली. मी सुई टोचून घेतली आणि ठणकता दंड घेऊन निघालो.

ठाण्याहून भिवंडीची एसटी, तिथून खारबावची दुसरी. आज जाणार असाल तर खारबावला रेल्वे स्टेशन आहे. तेव्हा गाडी चुकली की दोन-तीन तास झाडाखाली बसायचं. खाडीचा पूल ओलांडला की दोन्हीकडे भात, आणि भाताच्या बांधांवर काकडीचे वेल. मामीकडे जेवायला तांदळाची भाकरी आणि अंबाडीची भाजी होती. पण पडवीत काकड्यांचा ढीग पडून होता. शहरात कच्चं काही कोणी घेत नव्हतं. मामा वारल्यापासून मामीचं घर याच बांधांवर चालायचं.

"उद्या हलीमाबीकडं जाव," मामी म्हणाली. "ती न्हाय म्हनाची न्हाय."

हलीमाखाला भिवंडीतल्या एका लूमवाल्याच्या घरातली थोरली बाई. मामीच्या सासूपासून रिवाज होता, हंगामाची पहिली काकडी खालाच्या दारात. ईदला तिकडून शीरखुर्मा यायचा.

दुसऱ्या दिवशी कंडक्टरने टोपली गाडीत घेतली नाही. "साथ आहे, बाई, भाजी नको." मग आम्ही चालत निघालो. वाटेत पाऊस, गुडघाभर चिखल. भिवंडीच्या वेशीवर एक तळं होतं. आसपासच्या गावांतल्या बाया तिथेच माल धुवायच्या. पाण्याचे थेंब असलेली काकडी आत्ताच तोडल्यासारखी दिसते. काठावर नवी पाटी लावलेली होती.

"काय लिवलंय रं?" मामीने विचारलं. तिला वाचता येत नव्हतं.

"तळ्याचं पाणी पिऊ नका."

"आपून कुटं पितो? धुवाचं तर हाय."

मला ते पटलं. एवढा शिकलेला मी, मला ते चक्क पटलं! मी हसलो, मांडी घालून बसलो आणि तिच्याबरोबर एकेक काकडी धुतली. चांगली चोळून.

खालाच्या मोहल्ल्यात लूम बंद होते. कामगार आपापल्या मुलखाला पळालेले, त्यामुळे कधी नव्हे ते तिथे माणसांचं बोलणं ऐकू येत होतं. आमची टोपली बघून समोरची बाई ओरडली, "खाला, मत लेना! बीमारी है!"

हलीमाखाला उंबऱ्यात उभी राहिली. गोरी, ठेंगणी, तोंडाने फटकळ. तिने टोपलीतली सगळ्यात कोवळी काकडी उचलली आणि तिथेच कडकन चावली.

"हिच्या सासूच्या हातचं खाऊन मी या घरात म्हातारी झाले," ती सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "आता हिच्या काकडीला घाबरू? अल्लाह का खौफ करो!"

मग एकेक दार उघडलं. तासाभरात टोपली रिकामी झाली. परतताना मामीने नाक्यावर मला चहा पाजला, स्वतःही प्यायली आणि वाटभर खालाच्या नकला करून हसत राहिली. मामीला इतकं हसताना मी त्यानंतर पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी घरी निघालो. खालासाठी मामीने तांदळाच्या भाकऱ्या बांधून दिल्या होत्या, म्हणून भिवंडीत उतरून मोहल्ल्यात गेलो. दारात पुरुष उभे होते. खालाचा मुलगा पुढे आला.

"अम्मी गेली. सकाळीच," तो म्हणाला. "गल्लीतली दोन पोरंही इस्पितळात आहेत. मामीला सांग, इतक्यात येऊ नको. लोक भडकलेत." मग त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "काकडी कुठल्या पाण्यात धुतली होती?"

"घरच्या विहिरीच्या," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. माझ्या हातातल्या भाकऱ्या घेतल्या आणि 'बस मिळेल ना?' असं विचारलं. मला तिथेच मरून जावंसं वाटलं. पण मी बस पकडली.

महिन्याभराने मामी ठाण्याला आली. आल्या आल्या मला बाजूला घेऊन म्हणाली, "खरं सांग, आपल्या काकडीनं तर न्हाय ना झालं?"

"छे! साथच होती, मामी."

काकडीनेच झालं, असं कुणी सिद्ध केलं नाही. सिद्ध करायला कोण बसलं होतं? पण ती पाटी मी वाचली होती, आणि तिचा अर्थ कळायला शिकलेला मी होतो, मामी नव्हती. खरं सांगितलं असतं तर मामी खचली असती, असं मी स्वतःला समजावतो. खरी गोष्ट ही की मी भ्यालो. आणि ती? माझ्या शब्दावर विसंबून पुढे कितीतरी वर्षं त्याच तळ्यावर माल धुऊन दुसऱ्या मोहल्ल्यांत विकत राहिली.

आता तिथे जाल तर बांध दिसणार नाहीत, गोदामं दिसतील. मामीही राहिली नाही. ती होती तोवर दर हंगामाची पहिली काकडी ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्याकडे पाठवायची. खाला नाही, तर मान भाच्याचा, असं तिने ठरवून टाकलं होतं. मी ती दरवर्षी गटारात टाकायचो आणि निरोप पाठवायचो, मामी, काकडी फार गोड होती.