मेणाच्या बांगडीतली सनई

देऊळघाटचा तो सनईवाला एकच चाल दोनदा तशीच वाजवत नसे. माझं सगळं खूळ तिथून सुरू झालं.

मी त्याला पहिल्यांदा ऐकलं ते मेहुणीच्या लग्नात. तो सनई वाजवत वरातीपुढं चालला होता आणि शेजारी त्याचा धाकटा भाऊ संबळ वाजवत होता. मारुतीच्या देवळापर्यंत जी चाल नेली, तीच परत येताना त्यानं उचलली. पण या खेपेला ती मधेच कुठल्या बोळात शिरली आणि पुन्हा सडकेवर कशी आली, हे मला कळलंच नाही. मी जेवण सोडून त्याच्या मागं गेलो. त्यानंतर तो जिथं वाजवील तिथं मी हजर, आमंत्रण असो वा नसो. धामणगाव बढ्याजवळ आमचा मळा. मिरची, कांदा, वांगी पिकायची. भाजीची गाडी बाजाराला नेली की परतीची वाट हमखास एखाद्या लग्नघरावरून यायची.

बायकोला ते पुरतं ठाऊक होतं. "बाजाराचं राहू द्या," ती म्हणायची, "सनई कशी होती ते सांगा."

सांगणं हीच तर पंचाईत होती. मी तोंडानं चाल म्हणून दाखवायचो आणि ती पदर तोंडाला लावून हसायची.

तेव्हा आमचा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता, त्यामुळे मलकापूरच्या साहेबलोकांच्या बदल्या नागपूर-जबलपूरकडे व्हायच्या. एका साहेबाच्या बंगल्यावर मी बरीच वर्षं भाजी पोचवत होतो. त्याची बदली झाली तेव्हा त्यानं सामान वाटून टाकलं आणि त्यातला फोनोग्राफ मला दिला. चावी द्यायची, कर्णा लावायचा आणि मेणाची पोकळ नळी फिरू द्यायची. त्या नळीला लोक बांगडी म्हणत. त्यातली खुबी अशी, की एक सुई लावली तर बांगडी बोलायची आणि दुसरी लावली तर समोरचा आवाज तिच्यावर कोरला जायचा. कोऱ्या बांगड्या मोजक्याच होत्या, पण कोरलेलं तासून काढलं की बांगडी पुन्हा कोरी. साहेबानं मला समोर बसवून सारं शिकवलं. घरी येईपर्यंत माझ्या मनात दुसरा विचार नव्हता.

पहिला प्रयत्न एका लग्नात केला आणि तो साफ फसला. घरी येऊन लावून पाहिलं, तर दोन व्याह्यांचं भांडण तेवढं स्वच्छ ऐकू आलं. संबळाच्या प्रत्येक ठोक्याला सुई उडाली होती आणि सनई पार दूर, विहिरीत वाजावी तशी.

मग मी दोघा भावांना मळ्यावरच बोलावलं. सनईवाल्याला मी मामा म्हणायचो. खळं रिकामं होतं, सकाळची वेळ, वारा पडलेला. बायकोनं बांगड्या माठापाशी ओल्या फडक्याखाली ठेवल्या होत्या, कारण आमच्याकडच्या उन्हात मेण टिकत नाही. मी मामांना कर्ण्यापुढं बसवलं आणि धाकट्याला म्हणालो, "तू जरा विहिरीपलीकडे बस."

त्यानं संबळ उचललंच नाही. "काऊन? मले काऊन हाकलून राह्यले, भाऊ?"

"तुझा ठोका जबरदस्त आहे. सुई उडते."

"मंग सुईले सांगा ना दूर बसाले."

मामा म्हणाले, "भाऊ, हा दूर गेला तं माह्याच्यानं वाजवनं होत नाई. माहा दम याच्या ठोक्यावर बसते."

धाकटा रागानं दुसरीकडे बघत बसला. तेवढ्यात बायको दारातून म्हणाली, "संबळाले गोधडी पांघरा ना. थंडीतल्या लेकरावानी." आणि आतून घडी घातलेली गोधडी घेऊन आलीसुद्धा. धाकट्यानं काड्या बाजूला ठेवल्या, गोधडीवरून बोटांनी वाजवून पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू उतरला. आवाज मऊ आला होता, पण ठोका जागच्या जागी होता.

आता अडलं मामांचं. "या भोंग्याले काय वाजवून दाखवू? तोंडापुढे मानूस पायजे."

म्हणून मी कर्ण्याला खेटून उकिडवा बसलो. सनईचं तोंड माझ्या कानापासून हातभर अंतरावर होतं. मी चावी दिली, सुई टेकवली, मान हलवली. मामांनी माझ्याकडे बघून चाल उचलली. रात्रभर वाजवणारा तो माणूस, आणि बांगडीत मावायचं केवढं, तर पान लावून होईल तेवढं. पण त्यांनी घाई केली नाही. चाल सरळ नेली, मधेच एका स्वरावर अशी अडवून धरली की माझाही श्वास अडकला, आणि मग हलकेच सोडून दिली. त्या सुटण्याबरोबर धाकट्याच्या तोंडून निघून गेलं, "हाव बे!"

सुई थांबली तेव्हा मी डोक्याला हात लावला. धाकटा कावराबावरा झाला. "भाऊ, गेली काय बांगडी?"

"लावून तं पाहा," मामा म्हणाले.

लावली. मामांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची सनई समोरून ऐकली. ते मान तिरपी करून, डोळे मिटून ऐकत होते. "हाव बे!" आलं तसे ते इतके हसले की सनई मांडीवरून घसरली. "हे तासू नका," ते म्हणाले. "हे असंच राहू द्या."

पुढचे दोन महिने गाडीत भाजीबरोबर फोनोग्राफही असायचा. बाजार आटोपला की मी झाडाखाली कर्णा लावायचो. रोहिणखेडला तर मशिदीजवळच्या मोकळ्या जागेत माणसं मावेनात. ज्यांनी त्या दोघांना कधी पाहिलं नव्हतं तेही सांगायचे, "ते 'हाव बे'वाली लावा," आणि ती जागा आली की सगळे मिळून म्हणायचे. एका म्हाताऱ्यानं कर्ण्यात डोकावून विचारलं, "आत जेवाले देता काय याले?" धाकट्याला हे कळल्यावर तो मुद्दाम एका बाजारी आला आणि गर्दीत मागं उभा राहून सगळं ऐकून गेला. चालताना त्याची छाती चांगलीच पुढं आली होती.

पण मेण ते मेण. दर खेपेला सुई थोडं खरवडायची. पावसाळ्याच्या तोंडावर सनईवर खरखर चढली. बायको म्हणाली, "आता पुरे करा. ठेवून द्या, नाईतं काईच उरनार नाई." मला पटत होतं. पण एवढ्या लांबून येऊन समोर बसलेल्या माणसांना नाही कसं म्हणायचं? मी देऊळघाटला जाऊन मामांनाच विचारलं.

ते अंगणात सनईची पत्ती ओली करत बसले होते. "झिजू द्या," ते म्हणाले. "मी हाय ना. पुन्हा वाजवतो."

"पण तसंच वाजेल काय, मामा?"

"तसं कशाले पायजे?"

माझ्या मनावरचं ओझं एकदम उतरलं. बांगडी पार मुकी होईपर्यंत मी ती लावली. मग बायकोनं स्वतः बसून, हात जराही न हलू देता ती तासली आणि दोघे भाऊ पुन्हा मळ्यावर आले. चाल तीच, वाट वेगळी. त्या सालात असं तीनचारदा झालं आणि दर वेळी मी कर्ण्याशेजारी उकिडवा.

थंडीत रोहिणखेडच्या एका घरानं लग्नासाठी थेट त्यांनाच बोलावलं. मी बायकोला घेऊन गेलो. यंत्र घरीच ठेवलं. मांडवात मामांनी नेमकी ती बांगडीवाली चाल उचलली. गाव ओळखून हसलं. बांगडी जिथं संपायची तिथवर लोक सोबत गुणगुणत होते. आणि मग सनई थांबलीच नाही. चाल पुढं गेली, वर चढली, दुसऱ्याच बाजूनं खाली आली. माझ्यापुढं बसलेली एक बाई शेजारणीला हळूच म्हणाली, "माय, हे तं अजून हायच."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी सरसावून पुढं जाऊन बसलो.