पुठ्ठ्याच्या पुस्तकांच्या काकू

एखाद्या लेकराला चपलेचा बंद लावता येत नसला, की गौराकाकू स्वतःच्या दोन्ही हातांवर बसायच्या. अगदी खरं सांगते. तळहात ओट्यावर टेकवायच्या, त्यावर मांडी ठेवायच्या आणि समोरचं लेकरू कितीही कावलं तरी नुसतं बघत राहायच्या. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईंच्या हाताला काही झालंय. विचारलं, तर म्हणाल्या, "हात लई वळवळतेत गं माझे. मी बंद लावला, तर उद्या पुन्हा माझ्याच म्होरं पाय करून बसंल ते."

आष्टीला तहसीलमध्ये माझी बदली झाली आणि बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत मी खोली घेतली. समोरच काकूंचं घर. त्यांचे यजमान शिवअप्पा यांचं पेठेत वडिलोपार्जित कापडदुकान. कपाळावर भस्माचे पट्टे, पांढरंशुभ्र धोतर, बोलणं अगदी मोजकं. पेठेत कुणाचं भांडण लागलं तर सोडवायला अप्पांना बोलवायचे, एवढा त्यांचा मान. मुलगा पुण्याला. माझा नवरा बीडला नोकरीला, शनिवारी यायचा. त्यामुळं माझी आर्वी, तेव्हा दोन वर्षांचीही नव्हती, दिवसभर काकूंच्या ओट्यावर. गल्लीतली आणखी चार-पाच चिल्लीपिल्ली तिथंच असायची. काकू पैसे वगैरे घेत नसत. लेकरं नसली की त्यांना करमत नसे, एवढंच.

पहिल्याच आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत घरी आले, तर माझी पोरगी ओट्यावर बसून सुरीनं केळं कापत होती. सुरीनं! मी रस्त्यातच किंचाळले. काकूंनी उलट मलाच झापलं. "वरडू नको! तुझ्या वरडण्यानं दचकंल ती. ती सुरी लोणीबी कापीत न्हाई, बघितलीस का हातात घेऊन?" मी पाहिली. खरंच कापत नव्हती. मी ती परत दिली. आर्वीनं केळ्याचा चुराडा करून त्यातला एक घास मला दिला आणि पुन्हा कामाला लागली.

पुस्तकांचं खूळ माझ्यामुळंच शिरलं. पुण्याहून मी आर्वीसाठी जाड पुठ्ठ्याचं, गुळगुळीत पानांचं एक पुस्तक आणलं होतं. काकूंनी ते उलटंपालटं करून पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा झाला, की जणू मी घरात काहीतरी अभद्र आणलंय. "अगं, ह्यातल्या पोराला आईच न्हाऊ घालती, आईच जेवू घालती, अन् शेवटाला सगळे टाळ्या वाजवतेत! कशापायी? त्यानं केलं काय?"

दुसऱ्या दिवसापासून दुकानातल्या शर्टांच्या खोक्यांचे पुठ्ठे घरी यायला लागले. काकू मैद्याची खळ शिजवायच्या, दोन-दोन पुठ्ठे एकमेकांना चिकटवायच्या आणि पाट्याखाली दाबून ठेवायच्या. बांगडी ठेवून कोपरे गोल कापायच्या, म्हणजे टोचायला नकोत. वरून कापडाच्या चिंध्यांची चित्रं. एका पुस्तकात पहिल्या पानावर आडवा पडलेला तांब्या होता, खाली लिहिलेलं 'सांडलं'. पुढच्या पानावर 'फडकं कुठाय?' आणि शेवटच्या पानावर 'पुसलं'. संपलं पुस्तक! दुसऱ्यात एक चड्डी उलटी, मग तीच सुलटी. कुठल्याच पुस्तकात मोठं माणूस नव्हतं. मी म्हटलं, "काकू, ह्या लेकराची आई कुठंय?"

"असंल की आसपास. चित्रात कशाला पायजे?"

मला हे जरा कडूच वाटलं. तर ओट्यावरच्या सोन्या नावाच्या पोराकडं बोट करून त्या म्हणाल्या, "ह्याची आई ऊसतोडीला गेलीय. आता पार उन्हाळ्यातच यायची. आज्जीला डोळ्यानं दिसत न्हाई. ह्याची चड्डी कोण घालणार? ह्याला आलंच पायजे."

लेकरं त्या पुस्तकांवर तुटून पडली. आर्वी तर पुस्तक घेऊनच झोपायची. बघायची, आपटायची, चावायची. त्या वयाची पोरं पुस्तक आधी तोंडानंच वाचतात.

आणि एका दुपारी ऑफिसात निरोप आला, आर्वीला उलट्या होतायत. धावत गेले. काकूंच्या मांडीवर पोरगी मान टाकून पडलेली. ओठ पांढरेफटक. आणि फडक्यावरची उलटी निळसर. निळी उलटी मी जन्मात पाहिली नव्हती. रिक्षा कुणी बोलावली, दवाखान्यात कशी पोचले, मला आजही आठवत नाही. डॉक्टर एकच विचारत होते, "तोंडात काय घातलं होतं हिनं?" काकूंच्या हातात आर्वीचं पुस्तक तसंच राहिलं होतं. त्याचा कोपरा चावून चावून सुटला होता. डॉक्टरांनी पुठ्ठा फाकवला. दोन थरांच्या मध्ये वाळलेली खळ. निळी.

काकू त्या खळीकडं बघतच राहिल्या. "मी नुसता मैदा घेतलता. शपथ घेऊन सांगते, नुसता मैदा."

दुकानातून आलेले अप्पा मागे भिंतीला टेकून उभे होते. खाली बघत म्हणाले, "मी मोरचूद टाकलं व्हतं."

अप्पांच्या दुकानातल्या वह्या वडलांच्या काळापासून घरीच बांधायचे आणि उंदीर-झुरळं लागू नयेत म्हणून खळीत मोरचूद, ते निळं विषारी औषध, घालायचे. काकूंची दोन पुस्तकं उंदरांनी कुरतडली, म्हणून अप्पांनी पातेल्यात गुपचूप चिमूटभर टाकलं. ओल्या खळीत तो फिका निळेपणा काकूंच्या नजरेत आला नाही. लेकरं पुस्तक चावतात हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्यांच्या लेखी पुस्तक खाणारा एकच जीव, उंदीर.

"मी म्हणलं व्हतं का तुमाला?" काकूंनी विचारलं.

"तुझी मेहनत वाया चाललती. म्हणून हातभार लावला."

"मग मला सांगायचं व्हतं."

"एवढ्याशा गोष्टीचं काय सांगायचं?"

काकू वळल्या आणि आर्वीच्या उशाशी जाऊन बसल्या.

सलाईन लावलं आणि संध्याकाळपर्यंत आर्वीनं डोळे उघडून पाणी मागितलं. दुसऱ्या दिवशी आम्ही घरी आलो. तोवर काकूंनी घराघरातून सगळी पुस्तकं गोळा करून परसात जाळून टाकली होती. बाकीच्या लेकरांना काही झालं नव्हतं, पण गल्लीत एकच बोललं जात होतं, गौराबाईनं लेकरांना विष चारलं. ओटा ओस पडला. अप्पा नेहमीसारखे दुकानात जात होते, येत होते. काकूंच्या मुलाचा पुण्याहून फोन आला म्हणे, पोरगी बरी आहे, आता वाढवू नका. आणि मी? मी काकूंच्या दाराकडं बघतही नव्हते. इतका संताप होता माझ्या डोक्यात, की दोघांपैकी कुणाचंही तोंड नको वाटायचं.

रविवारी सकाळी नवरा आर्वीची औषधं आणायला गेला होता, तेव्हा माझ्या दाराची कडी वाजली. उघडलं तर अप्पा. धोतर, डोक्यावर टोपी, कपाळाला भस्म, आणि चेहरा पार उतरलेला. त्यांच्यामागं गल्लीतल्या दारादारात बायका तोंडाला पदर लावून उभ्या. नंतर कळलं, काकूंनी धाडल्यावर अप्पा प्रत्येक घरी जाऊन आले होते, माझं दार शेवटचं. समोर ओट्यावर काकू उभ्या होत्या. त्या सोबत आल्या नव्हत्या.

"पोरी," अप्पा म्हणाले, आणि अडकले. सबंध पेठ ज्याच्या शब्दाला मान देते तो म्हातारा माणूस माझ्या उंबऱ्यापुढं शब्द शोधत उभा होता. मला ते बघवेना. माझा राग कुठल्या कुठं गेला. मी घाईघाईनं म्हटलं, "जाऊ द्या अप्पा, मला माहीत आहे सगळं, तुम्ही..."

"वैशाली!" समोरून काकू कडाडल्या. "मधी बोलू नको. बोलायलेत ते."

दारातल्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. नवऱ्याचं नावसुद्धा न घेणारी ही बाई. अप्पांना भरगल्लीत असं उभं करील, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. विषापेक्षा गल्लीला धक्का बसला तो याचा.

अप्पा म्हणाले, "मोरचूद मी टाकलं. तिला ठाऊक नव्हतं. तुझी पोर माझ्यामुळं मरता मरता वाचली. चूक माझी हाय." बोलून झाल्यावर त्यांना जरा धीर आला. ते पुढं म्हणाले, "तवा आता पोरीला पहिल्यासारखं धाडत जा, ती लई..."

"ते म्हणू नका!" काकू पुन्हा ओरडल्या. "धाडायचं का न्हाई ते तिचं ती बघंल. तुमी तुमचं बोललात. या आता घरी."

अप्पा परत फिरले. मी दार लावलं. केवढी कठोर बाई, असंच मनात येत होतं. ओटा ओस पडला तरी हिला काहीच कसं वाटत नाही?

सोमवारी ऑफिसला निघताना आर्वीला कडेवर घेतलं आणि गल्ली ओलांडली. काकू ओट्यावर एकट्या शेंगा फोडत बसल्या होत्या. मी पोरीला खाली ठेवलं, पिशवी टेकवली आणि म्हटलं, "चाराला येते."

काकूंनी आर्वीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. सूप बाजूला सरलं, शेंगा ओट्यावर सांडल्या आणि ती बाई पदरात तोंड खुपसून एकदम ढसाढसा रडायला लागली. कालची कडाडणारी काकू ती हीच? त्यांचं सबंध अंग गदगदत होतं आणि पदराआडून एवढंच ऐकू येत होतं, "मला वाटलं व्हतं गं, आता माझ्याकडं कुणीच यायचं न्हाई. कुणीच यायचं न्हाई."