सिगरूनच्या हातचं मलम

हेलेदालच्या दरीत गेल्या तीस वर्षांत जन्मलेलं एक पोर दाखवा, ज्याच्या काळजाची धडधड सिगरून बाक्केरूदने सर्वांत आधी ऐकली नाही. मिळणार नाही. कुणी घरी जन्मलं, कुणी शहरातल्या इस्पितळात. पण आईच्या पोटाला पहिला कान लागला तो या सुईणीचाच. बाई तोंडाची फटकळ. पोटुशी बाई सिगारेट ओढताना दिसली, तर भर दुकानात तिच्या हातातून ती काढून विझवायची आणि वर विचारायची, "बाळाला विचारलंस का, त्याला आवडते की नाही?" माणसं तिला घाबरायची आणि दुखायला लागलं की तिलाच बोलवायची.

ती मुळात सुईण नव्हती. एम्ब्रिक बाक्केरूदशी लग्न करून ती मेंढ्या पाळणाऱ्या घरात आली. एकाहत्तर साली तिला पहिला मुलगा झाला, दिवस भरायला बारा आठवडे बाकी असताना. दोन दिवस जगला. हालवर नाव ठेवलं होतं. असं का झालं म्हणून तिने डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, "असं होतं कधी कधी."

आमच्या दरीत बाळंतिणीला शेजारणी लापशी नेऊन देतात. आंबट सायीची, वर लोणी तरंगणारी, झाकणाच्या रंगीत लाकडी बादलीतून. हालवर गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सिगरून खिडकीशी बसली होती. एक शेजारीण बादली घेऊन फाटकापर्यंत आली, थांबली, आणि परत गेली. मूल नाही तर लापशी द्यावी की नाही, तिला कळलं नसणार. ती कोण होती हे सिगरूनने कधी कुणाला सांगितलं नाही. पण स्वतः सुईण झाल्यावर मूल जगो न जगो, लापशीची बादली घेऊन ती प्रत्येक बाळंतिणीच्या घरी गेली, एकही दार न चुकवता.

सुईण होण्याचं कारण मेंढ्यांनी दिलं. त्र्याहत्तरच्या वसंतात कोकरं जन्मत, पण पायांवर उभी राहत नसत. जनावरांचा डॉक्टर आला, त्याने रक्त तपासायला पाठवलं आणि महिन्याभराने सांगितलं, या मातीत सेलेनियम नावाचं खनिज कमी आहे. गवतात नाही, म्हणून मेंढीत नाही, म्हणून कोकरात नाही. खनिजाचे खडे चाटायला ठेवा. पुढच्या वर्षी कोकरं टणाटण उड्या मारत होती.

"आणि त्याच मातीतले बटाटे खाणाऱ्या बायकांचं काय?" सिगरूनने विचारलं.

"बाई, मी मेंढ्यांचा डॉक्टर आहे," तो हसत म्हणाला.

सिगरूनला हसू आलं नाही. मेंढीला कोकरू अपुरं झालं तर रक्त, माती, गवत सगळ्याची चौकशी होते आणि बाईला मात्र 'होतं कधी कधी'! ती भयंकर चिडली, आणि तिचा राग फुकट जाणाऱ्यातला नव्हे. एकतिसाव्या वर्षी ती शहरात सुईणीचं शिकायला गेली.

मग तेवीस वर्षं वाट पाहिल्यावर तिला हवं होतं ते दाराशी चालून आलं. किनाऱ्यावरच्या शहरातल्या एका संशोधन केंद्राला पोटुशा बायकांचं रक्त हवं होतं. त्यात जस्त, तांबं, सेलेनियम अशी कणभर लागणारी खनिजं किती आहेत हे मोजायचं, आणि कुणाचं बाळ दिवस भरून आलं, कुणाचं आधी, ते त्याच्याशी लावून पाहायचं. सिगरूनने अख्खी दरी त्यात ओढली. सुईला भिणाऱ्या बायकांनीही तिच्या शब्दाखातर हात पुढे केला. सात वर्षांत पावणेचारशे नमुने झाले.

काम किचकट होतं. रक्त नळीत घ्यायचं, यंत्रात गरगर फिरवायचं, वर जे पिवळसर पाणी राहतं ते इवल्याशा प्लॅस्टिकच्या कुपीत ओतायचं आणि गोठवून पाठवायचं. कुपीची टोपणं वाटाण्याएवढी. सूचनांच्या कागदावर लिहिलं होतं, हातमोजे घाला. सुई टोचताना सिगरून घालायचीही. पण टोपणं मोज्यांतून निसटायची, तेव्हा टोपण लावताना ती मोजे काढून टाकायची. "सूचना लिहिणाऱ्याने आयुष्यात एक कुपी बंद करून पाहिलेली नाही," असं तिचं मत होतं, आणि तिच्या मतापुढे कागदाची काय टाप!

सातव्या वर्षीच्या फेब्रुवारीत संशोधन केंद्रातला विदार नावाचा तरुण डॉक्टर तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. कॉफी झाली, पातळ कडक भाकरीवर तपकिरी चीज झालं. मग त्याने टेबलावर आलेख पसरला.

"सिगरून, हे बघ. दर वर्षी एप्रिल-मे आला की हेलेदालच्या बायकांच्या रक्तातलं जस्त वर जातं. दुसऱ्या कुठल्याच दरीत असं नाही. आणि त्या वसंतातल्या एकसष्ट नमुन्यांपैकी दिवस भरायच्या आधी बाळंतपण झालेले किती? फक्त दोन! मला वाटतं, तुला हवं ते सापडलंय. पुढच्या महिन्यात मी डॉक्टरांच्या सभेत मांडणार आहे. पोटुशा बायकांना जस्ताच्या गोळ्या द्याव्यात, असं."

 तेहतीस वर्षं सिगरून या वाक्याची वाट पाहत होती.

"ती दोन बाळंतपणं कुणाची?" तिने विचारलं, खरं तर तिला माहीत होतं.

"एकाच बाईची. ती अपवाद धर."

अपवादाचं नाव गुरो. पलीकडच्या शेतावरची. पहिला मुलगा सात आठवडे आधी आला, वाचला. दुसरी मुलगी चौदा आठवडे आधी आली, वाचली नाही. सिगरूनच लापशी घेऊन गेली होती.

एम्ब्रिक कोपऱ्यात पाइप साफ करत बसला होता. तो दिवसाला साधारण वीस शब्द बोलतो. त्यातले काही त्याने आता खर्च केले. "एप्रिल-मे म्हणजे कोकरांचे दिवस."

"मटणात जस्त असतं; तेव्हा ते जास्त खाता का तुम्ही?" विदार उत्सुकतेने पुढे झुकला.

"खायला फुरसत कुणाला? पाण्यात न् थंडीत हात घालून घालून बोटं फुटतात नुसती."

सिगरूनची नजर खिडकीकडे गेली. तिथे मलमाची चपटी डबी होती. दर वसंतात मेंढ्यांची बाळंतपणं उरकून तिची बोटं चिरली की ती हे पांढरं मलम चोपडायची आणि तशीच बायकांची बाळंतपणं पाहायला जायची. साबणाने धुतलं तरी भेगांत ते राहायचंच. डबीवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: जस्ताचं मलम. तीस वर्षं डोळ्यांसमोर होतं.

त्या दिवशी ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. हे लपवण्यात अर्थ नाही; आमची सिगरून, जी भर चर्चमध्ये पाद्र्याची चूक काढायची, ती पाच दिवस गप्प बसली. स्वतःशी वाद घालत राहिली. एवढंसं मलम, त्याने काय होतंय? आणि जस्ताने कुणाचं वाईट थोडंच होणार आहे? पण रात्रंदिवस एक गोष्ट तिला खात होती. उद्या एखाद्या बाईचं अपुऱ्या दिवसांचं मूल गेलं आणि तिने कारण विचारलं, तर तिला सांगणार काय? 'तू गोळ्या घेतल्या नसतील'?

सहाव्या दिवशी सकाळी ती आरोग्य केंद्रात गेली, दार लावलं आणि स्वतःच्या दंडाला पट्टा बांधून रक्त काढलं. त्याच्या दोन कुप्या केल्या. एकीचं टोपण हातमोजे घालून लावलं. सतरा वेळा निसटलं, सतरा शिव्या घातल्या, पण लावलं. दुसरीचं लावण्याआधी बोटांना मलम चोपडलं, नेहमीसारखे हात धुतले आणि टोपण बसवलं. एकीवर एक आकडा, दुसरीवर दोन. सोबत चिठ्ठीबिठ्ठी काही नाही.

दहा दिवसांनी विदारचा फोन आला. "सिगरून, कोण आहेत या दोघी? दुसरीचं जस्त पहिलीच्या दुप्पट आहे!"

"दोघी नाहीत. मीच आहे. एक हात, एक शीर, एकाच वेळचं रक्त. दुसऱ्या टोपणाला माझी बोटं लागलीत, जस्ताचं मलम लावलेली. सात वर्षं कोकरांच्या दिवसांत अशीच लागत होती."

पलीकडे कागदांची सळसळ झाली. मग तो म्हणाला, "मी देशभरच्या बायकांना गोळ्या घ्यायला सांगणार होतो."

"म्हणून तर कुप्या पाठवल्या."

"तुला हातमोजे घालायला सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं," सिगरून म्हणाली. 

विदार पोरगा चांगला. त्याने आदळआपट केली नाही. वसंतातले एकसष्ट जस्ताचे आकडे फेकावे लागतील, पण मलमात सेलेनियम नसतं, तेव्हा ते मोजमाप शाबूत आहे, असं त्याने हिशेब लावून सांगितलं. नेमके कोणते दिवस फेकायचे तेही कळलं, कारण पहिलं कोकरू कधी आलं आणि शेवटचं कधी, हे एम्ब्रिक दर वर्षी दिनदर्शिकेवर लिहून ठेवतो आणि एकही दिनदर्शिका टाकत नाही. सातही वर्षांच्या निघाल्या. त्या दोन तारखांच्या मधले नमुने, एकसष्टच्या एकसष्ट, जस्तातून बाद झाले.

"त्या बायकांना आम्ही पत्र पाठवतो," विदार म्हणाला.

"रक्त पत्राने घेतलं नव्हतं," सिगरून म्हणाली. "मी जाते."

एकसष्ट नमुने, साठ बायका, कारण दोनदा दिलेली गुरो एकटीच. मार्चच्या चिखलातून सिगरून साठ दारं चढली. प्रत्येकीला तेच सांगायचं: चूक माझी होती, तुझं रक्त अर्धं वाया गेलं. कुणी कॉफी पाजली. कुणी म्हणालं, "एवढंच ना?" एक जण खो-खो हसली, "म्हणजे कोकरांच्या नादात आम्हाला मलम खाऊ घातलंस होय गं!" सिगरून हसली नाही आणि रडलीही नाही. पुढच्या दाराकडे चालू लागली. आपली चूक पायी चालत घरोघर पोचवणारं माणूस मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

गुरोचं दार तिने शेवटी ठेवलं होतं. गुरोने उंबऱ्यातच ऐकून घेतलं.

"दोन्ही वेळचं?"

"दोन्ही वेळचं. दोन्हीदा एप्रिल होता."

"तिच्या वेळचंही?"

"हो."

गुरोचा चेहरा पांढरा पडला. "तिचं तेवढंच तर राहिलं होतं, सिगरून. कुठेतरी मोजलं जातंय, काहीतरी कळेल, यावर मी दोन वर्षं काढली. आणि तू... जा तू आज. जा."

दार लागलं. सिगरून घरी आली आणि एम्ब्रिकला म्हणाली, "मी सोडते हे काम. माझ्या हातात कुणी पुन्हा हात द्यावा कशाला?"

 एम्ब्रिक उठला, खिडकीतली डबी उचलली आणि चुलीत टाकली. तिच्या जागी मेंढीच्या लोकरीच्या चरबीचं मलम ठेवलं, जे त्याची आई वापरायची. "वास येतो," तो म्हणाला, "पण भेगा भरतात."

एप्रिल लागला. कोकरं येऊ लागली. सिगरूनने राजीनाम्याचं पत्र लिहून ठेवलं होतं, फक्त टाकायचं होतं. एका सकाळी ती गोठ्यातून हात पुसत बाहेर आली, तर फाटकापाशी गुरो उभी. हातात झाकणाची रंगीत लाकडी बादली.  ती बादली तिने ओळखली. तेहतीस वर्षांपूर्वी याच फाटकावरून परत गेलेली.

या वेळी बादली थांबली नाही. सरळ आत आली आणि टेबलावर बसली.

"कोण बाळंत झालं?" सिगरूनने विचारलं.

"तूच," गुरो म्हणाली. "हालवरच्या वेळची. माझी आई फाटकापासून परत गेली होती. मरेपर्यंत बोलून दाखवायची, की मला पुढे जाववलं नाही. मलाही त्या दिवशी दार लावावंसं वाटलं. लावलं. पण मग वाटलं, तुला गप्प बसता आलं असतं. कुणाला कळलं असतं? बस. गरम आहे तोवर खा."

सिगरून खाली बसली. लापशीवर लोणी तरंगत होतं, दालचिनी भुरभुरलेली होती. तिने दोन घास खाल्ले आणि चमचा खाली ठेवला. गुरोने तिला रडू दिलं.

मग गुरोने बाही वर सारली आणि हात टेबलावर ठेवला.

"नऊ आठवडे झालेत. अजून कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालासुद्धा. अभ्यास चालू आहे ना तुझा? घे रक्त."

"माझ्याकडून?"

"मग काय एम्ब्रिककडून?"

सिगरूनने पिशवी आणली. हात कोपरापर्यंत धुतले, पुन्हा धुतले, आणि तिसऱ्यांदा. हातमोजे चढवले. सुई नीट गेली, नळी भरली. पण दंडावरच्या पट्ट्याची गाठ काही केल्या सुटेना.

"सावकाश," गुरो म्हणाली. "या खेपेला आपल्याला कसलीच घाई नाही."