पाच पायांचा घोडा

कोल्हारजवळच्या आमच्या वस्तीवर भावकीचं एक छोटं खंडोबाचं देऊळ आहे. त्याच्या मागच्या भिंतीवर आतून माझ्या पणजोबांनी चुना, गेरू आणि काजळी वापरून घोड्यावरचा खंडोबा काढला होता. पणजोबा शेतकरी. चित्र काढायला त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. घोड्याचा पुढचा पाय त्यांनी आधी टेकलेला काढला, मग तो उचललेला हवा असं त्यांना वाटलं असावं. टेकलेला पाय त्यांनी चुन्यानं झाकला, पण चुना झिजत गेला तसा तो पुन्हा वर आला. म्हणून आमच्या घोड्याला पाच पाय आहेत.

हा घोडा मी नीट पाहिला तो फार उशिरा. बडोद्याला चित्रकला शिकताना आम्हाला राजस्थानात हवेल्यांच्या भिंती पाहायला नेलं होतं. तिकीट काढून, मान वर करून मी दुसऱ्यांच्या पणजोबांचे हत्ती-घोडे पाहिले. एका हत्तीच्या पोटावर कुणीतरी खिळ्यानं बदाम कोरला होता. मला इतकी किळस आली की मी बाहेर जाऊन पायरीवर बसले. सोबतच्या मुलींच्या मते मी जरा जास्तच करत होते. पुढच्या सुट्टीत वस्तीवर गेले तेव्हा पहिल्यांदा आमच्या भिंतीसमोर बसून राहिले. फोटो वर्गात दाखवला तर सर म्हणाले, फार रॉ आहे, हे तुझ्या कामात वापर. वापर! जसं काही घरी गरम मसाला शिल्लक आहे. तो फोटो मी पुन्हा कुणाला दाखवला नाही.

यंदा चंपाषष्ठीच्या आधी मोठ्या काकांचा सावेडीला आमच्या घरी फोन आला. देवळाचा जीर्णोद्धार चाललाय, पोरीला घेऊन ये, तिच्या हातचं काम आहे, असं त्यांनी पप्पांना सांगितलं.

आम्ही देवळात शिरलो. तीन भिंतींना खांद्यापर्यंत फिकट गुलाबी टाइल्स लागल्या होत्या, वर द्राक्षांच्या घडांची पट्टी. आमच्या फ्लॅटच्या बाथरूममध्ये अगदी अशाच आहेत. मधूनमधून एखाद्या टाइलवर देणगीदाराचं नाव. खवट तेलाचा वास, त्यात ओल्या सिमेंटचा. कोपऱ्यात भंडाऱ्याचा चिखल झालेला आणि त्यात कुणीतरी गुटखा थुंकलेला. मागची भिंत तेवढी शिल्लक होती.

"हे बघ तायडे," काका म्हणाले, "पाच पाय हायत. पाव्हणे हसत्यात. तू एवढी शिकलीस, ऑइल पेंटमधी चकचकीत नवा काढ. पाय मोजून चार."

चित्रात खाली भंडारा उधळणारा एक भक्त आहे, त्याला मोठ्या काकांचा चेहरा द्यावा असं भावकीत ठरलं होतं. धाकटे काका दारातूनच म्हणाले, "मग आमचं त्वांड कुठं?"

"घोड्याला दे की," काकू म्हणाल्या. "शोभून दिसंल."

सगळे हसले. हसता हसता मोठ्या काकांनी, रंग कसा गळतोय ते मला दाखवायला, घोड्याच्या डोळ्याला नख लावलं. डोळा पोपडा होऊन निघाला. त्यांनी बोट पायजम्याला पुसलं आणि वारसा कसा जपला पाहिजे ते सांगू लागले. त्यांच्या नखात काजळी अडकली होती. मी तिकडेच बघत राहिले.

मी रंगवणार नाही, असं हळूच म्हणाले. इंग्लिश शाळेतल्या पोरींना देवाचं काय, असं काकू कुणाला तरी सांगत होत्या. मोठे काका रागावले नाहीत. त्यांनी खिशातून मोबाईल काढला. टाइल्सवर छापलेला खंडोबा त्यांनी आधीच निवडून ठेवला होता. जिममध्ये जाणाऱ्यासारखे दंड, ओठांना लाली, मागे बर्फाचे डोंगर आणि धबधबा.

"मग ह्या टाइल्स बसवू. मिस्त्री उद्या टाचे मारतो."

जुन्या चुन्यावर सिमेंट धरत नाही. म्हणून मिस्त्री छिन्नीनं सगळ्या भिंतीला खड्डे पाडतो, त्याला टाचे मारणं म्हणतात. म्हणजे माझ्या नकारानं काहीच वाचलं नव्हतं. पप्पा चपलांकडे बघत उभे होते. भावकीसमोर मी कधी सलग दोन वाक्यं बोलले नव्हते.

"टाचे मारू नका," मी म्हणाले. माझा आवाज मलाच कर्कश वाटला. "भिंतीपासून चार बोटं सोडून सिमेंटचा पत्रा उभा करा. टाइल्स त्याच्यावर लावा."

काकांनी विचार केला. "म्हंजी घोडा आत ऱ्हाईल?"

"हो."

"दिसनार न्हाई?"

"नाही."

"मग ऱ्हाऊ दे की. आपलं काय जातंय."

मिस्त्रीनं लोखंडी अँगल लावून पत्रा उभा केला तेव्हा मी तिथेच होते. आधी घोडा दिसेनासा झाला, मग खंडोबाचा फेटा. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मला फक्त तिथून निघावंसं वाटत होतं.

चंपाषष्ठीला धबधब्यासमोर सेल्फी काढायला रांग लागली. मोठे काका येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, आमच्या चित्रकारनीनं सोत्ता उभं राहून बसवून घेतलं. बायका माझ्या गालावरून हात फिरवून कौतुक करत होत्या. त्यांच्या हाताचं तेल माझ्या गालाला लागत होतं.

पत्र्याच्या एका कडेला बोटभर फट राहिली होती. काकांच्या ती लक्षात आली.

"हे बुजवायचं ऱ्हायलं का. उंदरं शिरतील."

"राहू द्या काका. भिंतीला हवा लागते."

"लई लाड भिंतीचे," ते म्हणाले आणि आरतीचं ताट घ्यायला गेले. बाहेर अर्धं पोतं सिमेंट उरलं होतं, ते मी येतानाच पाहिलं होतं. मी फटीला पाठ लावून उभी राहिले आणि आरती संपून सगळे जेवायला जाईपर्यंत तिथून हलले नाही.