मेहुण्याने साफ केलेला अल्बम

शीतगृहातले कॉम्प्रेसर सांभाळण्यात ऑपरेटरची एकतीस वर्षं गेली. मीटरचा काटा हलायच्या आधी त्याला नुसत्या आवाजावरून मशीनचं दुखणं कळे. तीन नंबरचा कॉम्प्रेसर विशेष लाडका. तो खर्ज लावायचा तेव्हा भिंतीवरचे पाइपसुद्धा गुणगुणायचे. हे कुणाला सांगावं, तर लोक त्याच्याकडे कीव आल्यासारखे बघत.

म्हणून त्याने अल्बम करायला घेतला. मशिनांचे आवाज रेकॉर्ड केले, घरच्या कॉम्प्युटरवर लांबवले, एकावर एक चढवले. ताल नाही, चाल नाही, शब्द तर औषधालाही नाही. बेचाळीस मिनिटं नुसता घुमणारा, सावकाश रंग बदलणारा खर्ज. सात वर्षं त्यात खपला. बायको कानावर हात ठेवायची. "दिवसभर तिथं घूं, घरी आल्यावरही घूं! माणूस आहात की गिरणी?"

यंदा जुनी मशिनं भंगारात गेली. नवी आली ती मुकी, आपली आपण चालणारी. ऑपरेटरलाही घरी बसवलं. एकतीस वर्षांचं म्हणावं असं त्याच्याकडे आता हे एवढंच होतं. त्यात घरचा कॉम्प्युटर कायमचा बंद पडला; अल्बम उरला तो एका पेन ड्राइव्हवर. मशीनच्या प्रत्येक पट्ट्याचा जादा जोड कपाटात ठेवणाऱ्या या शहाण्याने अल्बमची दुसरी प्रत मात्र ठेवली नव्हती. तो एकुलता एक पेन ड्राइव्ह त्याने मेहुण्याच्या हाती दिला. मेहुणा दुकानांच्या जाहिराती रेकॉर्ड करायचा. "आवाज जरा सारखा करून दे," एवढंच त्याला सांगितलं.

चार दिवसांनी मेहुणा उड्या मारतच आला. "दाजी, केवढी घरघर शिरली होती हो मागं! पंखा म्हणू नका, फ्रिज म्हणू नका. दोन दिवस बसून सगळी काढली. आता यावर बिनधास्त गाणं म्हणा."

"आणि आधीची फाइल?"

"तिच्यावरच सेव्ह केलं. तिचं काय लोणचं घालायचंय?"

ऑपरेटरने ऐकलं. एक खोकला, त्याचाच. दाराची कडी. पुढे काही नाही. त्याने हेडफोन उतरवून ठेवले. पण ओरडणार कुणावर? बिचाऱ्याने जीव ओतून काम केलं होतं. "छान झालंय," तो म्हणाला.

भावाने एवढी मेहनत घेतली म्हणून बायकोने सात वर्षांत पहिल्यांदाच हेडफोन लावले. डोळे मिटून, मांडीवर हात ठेवून शहाण्या मुलीसारखी बसली. पंधरा मिनिटं झाली. मग एक कान मोकळा करून तिने हळूच विचारलं, "अहो, सुरू कधी होणार?"

"होईल," तो म्हणाला, आणि तिच्या शेजारी बसून राहिला.