लंकाबाईच्या गुडघ्याचा आकडा

हर्षालीला माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत, चाली राहतात. सायखेड्याच्या बाजारात कोणी हाक मारली, की ती आधी त्याच्या पायांकडे बघते आणि मग ओळख देते. फिजिओथेरपी शिकायला लागल्यापासूनची ही खोड. गावानं या शिक्षणाचं 'मालिशचा कोर्स' असं बारसं कधीच उरकून टाकलंय, आणि तिनंही वाद घालणं सोडलंय.

त्या शनिवारी मात्र या खोडीनं तिचा घात केला.

गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात फिजिओथेरपीवाल्यांची परिषद होती. साडेअकराला हर्षालीचा शोधनिबंध. विषय : मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधणाऱ्या बायकांचे गुडघे. या बायका दिवसाचे पाच-सहा तास उकिडव्या बसतात आणि उठताना देवाचं नाव घेतात. तसल्या बावीस जणींना तिनं बारा आठवडे व्यायाम दिले, बसायला वीतभर उंचीचे पाट दिले, आणि दर पंधरा दिवसांनी ओट्यावर बसून विचारलं, "शून्य म्हणजे दुखतच नाही, दहा म्हणजे जीव जातो. बोला, किती?"

साडेसातावरून सरासरी दोनवर आली. तो आलेख बघून सविता मॅडम, म्हणजे तिच्या मार्गदर्शक, म्हणाल्या होत्या, "अगं, ही तर घसरगुंडी झाली!" आज परीक्षकांना काम पटलं, तर कॉलेज ते पुढं वर्षभर चालवू देणार होतं. नाही पटलं, तर पाट गुंडाळायचे आणि दुसरा विषय शोधायचा.

अकराला दहा कमी असताना लंकाबाई आली. बावीस जणींतली सर्वांत उत्साही. पोरीचं भाषण ऐकायला सायखेड्याहून एकटी एसटीनं आली होती, ठेवणीतलं लुगडं नेसून. हर्षाली हात हलवत दाराशी धावली आणि तिथंच थबकली.

लंकाबाई पायऱ्या चढत होती. एका अंगानं तिरकी होऊन, कठडा धरून, दर पायरीवर दोन्ही पाय टेकवत, एक हात गुडघ्यावर दाबून.

लंकाबाईचा शेवटचा आकडा एक होता. एकवाली बाई अशी चढत नाही.

"मावशी, गुडघा दुखतोय?"

"नाय गं. एकच."

"मावशी, माझ्याकडं बघून सांग."

लंकाबाईनं भिंतीवरच्या बॅनरकडं बघितलं. "आता परीक्षा झालीच म्हणायची, मग सांगायला काय? आम्ही ठरवूनच सांगितलं तुला. आमच्यातली भागुबाई म्हणली, पोरीचा पेपर आपल्या गुडघ्यावर हाय. मोठा आकडा सांगितला तर नापास व्हईल. तू एवढी घरोघर फिरती, पाट देती, अन् तुला तोंडावर कसं म्हणायचं का उतार नाय? आपल्यात म्हणत्यात का असं कोणी?"

बावीसच्या बावीस जणी बांधावर बसून तिच्यावर माया करत होत्या, आणि ती त्या मायेची सरासरी काढत होती.

तिनं मॅडमना कोपऱ्यात गाठलं. मॅडमनी घड्याळ बघितलं. "आता काही बदलता येत नाही. 'मर्यादा' म्हणून शेवटी एक ओळ टाक आणि पुढं जा. प्राथमिक अभ्यासच तर आहे."

ओळ टाकणं सोपं होतं. सगळेच टाकतात, आणि ती वाचायच्या आत पडद्यावर 'धन्यवाद' येतं. हर्षालीनं ती टाइप केली, खोडली, पुन्हा टाइप केली. तेवढ्यात तिचं नाव पुकारलं गेलं.

पहिली चार मिनिटं बरी गेली. मग पडद्यावर घसरगुंडी आली. सभागृहात कौतुकाची कुजबुज झाली. शेवटच्या रांगेत लंकाबाई पदर सावरून, आता आपला नंबर आहे अशा थाटात बसली होती.

"हा आलेख खरा धरू नका," हर्षाली म्हणाली. "हे आकडे बायकांनी माझं मन राखायला सांगितलेत. मला पाऊण तासापूर्वी कळलं. चूक त्यांची नाही. ज्या हातानं पाट दिला त्याच हातानं मी आकडा मागितला, तोही त्यांचा चहा पिऊन."

मॅडमनी डोळे मिटले.

परीक्षक यादव सर पुढं झुकले. "मग उरलं काय?"

"तीस सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता येतं, ते मोजलंय. आधी सरासरी आठ. आता दहा."

"त्याही तुमच्यासाठीच जोर लावून उठल्या नसतील कशावरून?"

"सांगता येत नाही, सर."

"मी सांगते की!" मागून आवाज आला. "जीभ मन राखती हो. गुडघा कोणाचं मन राखतो?"

सभागृह हसलं. यादव सर हसले नाहीत. ते वळले. "आजी, तुम्ही त्या बावीसांतल्या का? आधी किती दुखायचं?"

"आठ."

"आणि आज? खरं सांगा."

"तुम्हाला कशाला खोटं सांगू? तुम्ही माझे कोण?" लंकाबाईनं गुडघ्यावर हात ठेवून नीट विचार केला. "सहा. पायऱ्या चढून आले म्हणून सहा. घरी पाच."

सर चष्मा काढून हर्षालीकडं वळले. "बघा. बारा आठवड्यांतला तुमचा पहिला खरा आकडा. आठाचे सहा, वाईट नाही. काम चालू ठेवा. पण यापुढं आकडा विचारायला असा माणूस पाठवा, जो यांचा कोणी लागत नाही."

हर्षाली मंचावरून उतरली. दाराशी लंकाबाईनं तिला धरलं. "पास का?"

"पेपर पुन्हा द्यायचाय, मावशी. आता माझी मैत्रीण सृष्टी येईल विचारायला, देवळाली कॅम्पची. तिला खरं सांगायचं, आणि चहा द्यायचा नाही."

"चहा नाय?" लंकाबाई पायरीवरच थांबली. "दारी आलेल्या पोरीला चहा नाय? मग तिला म्हणावं, आकडा फोनवर विचार."