तांब्याच्या गोळ्या

मुलगी जखमी पक्ष्यांच्या दवाखान्यात नोकरीला लागली, त्या वर्षी माझ्या रायफलमधून शिसं हद्दपार झालं. शिकार सोडा, असं ती कधी म्हणाली नाही. हरणाचं मटण तिलाही आवडतं. एकदा जेवताना तिनं फोनवर एका गरुडाचा एक्स-रे दाखवला, एवढंच. कुणा शिकाऱ्यानं रानात टाकलेली हरणाची आतडी त्यानं खाल्ली होती. पोटात विषारी शिशाच्या गोळीचा चुरा पांढरा चमकत होता.

"वाचला का?" मी विचारलं.

"नो, बाबा."

इथे अमेरिकेत, रेडमंडच्या घरी गराजमध्ये मी माझी काडतुसं स्वतःच भरतो. दिवसभर स्क्रीनसमोर बसल्यावर हातांना काहीतरी काम हवं असतं. काडतुसाच्या रिकाम्या पितळी केसमध्ये बंदुकीची दारू मोजून घालायची, वर गोळी बसवायची आणि आपल्या रायफलला काय मानवतं ते रेंजवर जाऊन बघायचं. शिशाच्या गोळीचं गणित मला छान जमलं होतं. आता तांब्याच्या गोळ्या मागवल्या.

रेंजवर पत्र्यावर पाऊस वाजत होता. टार्गेटचा कागद काढून आणला, तर भोकं चारी दिशांना पांगलेली. दारू थोडी कमी करून पाहिली, मग काडतुसं भरायच्या पुस्तकातल्या मर्यादेत राहून थोडी वाढवली. फरक शून्य. असे बरेच शनिवार गेल्यावर बायकोनं सुचवलं, की त्यापेक्षा दुकानातून मटण आणणं सोपं पडेल.

मग एका दुपारी मुलगी गराजमध्ये आली. तिनं जुनी आणि नवी गोळी टेबलावर शेजारी शेजारी उभी केली. तांब्याची चांगलीच उंच होती.

"ही एवढी लांब का?"

सांगता सांगताच माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तांबं शिशापेक्षा हलकं, आणि मी तर वजन तेच ठेवलं होतं; म्हणजे गोळी लांब होणारच. एवढ्या लांब गोळीला स्थिर ठेवण्याइतकी फिरकी माझ्या रायफलची नळी देत नव्हती. आम्ही दोघंही हसलो.

हलक्या गोळ्या आल्या. नळी औषधानं घासून आत साचलेला तांब्याचा जुना थर काढला; विरघळलेल्या तांब्यानं चिंध्या निळ्या होऊन बाहेर येत होत्या. गोळी केसमध्ये किंचित खोल बसवली आणि दारू पुन्हा अगदी खालपासून चढवत आणली.

त्या शनिवारी मुलगी दुर्बिणीला डोळा लावून बसली होती. मी तीन गोळ्या झाडल्या.

"बाबा, मला एकच होल दिसतंय. बाकीच्या मिस झाल्या?"

कागद आणून बघितलं. तिन्ही भोकं एकमेकांत मिसळली होती. बायकोनं तो कागद फ्रिजवर लावू दिला.

शरद ऋतूत ती माझ्याबरोबर डोंगरापलीकडे आली. एक हरीण, एकच गोळी. चार पावलं टाकून ते कोसळलं. तांब्याची गोळी नीट काम करेल का, ही धाकधूक तिथं संपली. मुलीनं त्याच्या मानेवर हात ठेवला, मग बाह्या सरसावून मदतीला आली.

बायकोनं सुकं खोबरं भाजून झणझणीत रस्सा केला. मुलीनं डबाभर दवाखान्यात नेला. तिथल्या डॉक्टरीणबाईंना तो तिखट लागला, पण त्यांनी डबा चाटूनपुसून परत पाठवला आणि निरोप दिला, की माझ्या नवऱ्यालाही शिसं सोडायचंय, शिकवाल का? आता शनिवारी ते गृहस्थ आपली रायफल घेऊन येतात. त्यांची भोकं अजून पांगलेलीच आहेत, आणि माझी बायको त्यांना मटणाच्या दुकानाचा पत्ता सांगते.